घरच्या एनर्जी बारसाठी माल घेताना: खजूर, चिक्कीचा गूळ, मध, काकवी यांचं परीक्षण

एनर्जी बार घरी करायचं ठरलं की बहुतेकजण आधी सुक्या मेव्याच्या दुकानात जातात. बदाम, अक्रोड, क्रॅनबेरी, जर्दाळू पिशवीत पडतात आणि बांधणीला घरात जो गूळ किंवा मध असेल तो चालवून घेतात. बार फसतो तो इथेच. बदामाऐवजी शेंगदाणे घातले तर चव बदलते, बार बदलत नाही. पण सगळं धरून ठेवणारा पदार्थ बदलला की बार किती दिवस टिकेल, दाताला चिकटेल का, जुलैत पाझरेल का, सॅकमध्ये चुरा होईल का, हे सगळंच बदलतं. म्हणून हे परीक्षण मुख्यतः बांधणीच्या मालाचं आहे. बिया आणि दाण्यांवर शेवटी थोडं बोलू.

थोडक्यात कौल आधीच देतो. रोजच्या डब्याला आणि एक-दोन दिवसांच्या ट्रेकला दाबलेला बिनबियांचा खजूर सगळ्यात भरवशाचा. कुरकुरीत बार हवा असेल तर चिक्कीचा गूळच, दुसरं काही नाही. मध एकटा बांधणीला कमकुवत, शेंगदाण्याच्या बटरबरोबर बरा. काकवी चवीला सुंदर, पण सोबत ओव्हन हवा. गुळाची पावडर या कामासाठी घेऊच नये.

खजूर: कोणता आणि का

बाजारात खजूर म्हणून जे मिळतं त्यात बारच्या दृष्टीने तीन गट पडतात.

पहिला काळा, ओला, लोण्यासारखा मऊ खजूर. इराणी मझाफाती जातीचा, आपल्याकडे 'किमिया' नावाने ओळखला जाणारा, दुकानातही फ्रिजमध्ये ठेवलेला असतो. नुसता खायला याच्यासारखा दुसरा नाही. बारसाठी मात्र यात पाणी जास्त. त्याचा बार पहिल्या दिवशी छान लागतो, पण तापमान वाढलं की आकार धरत नाही आणि बाहेर ठेवला तर आठवड्याच्या आत आंबूस वास येऊ शकतो. हाच घरात असेल तर चिरून ताटात पसरावा, वर पातळ फडकं टाकून पंख्याखाली पाच-सहा तास ठेवावा, मग वापरावा.

दुसरा दाबलेला, बिनबियांचा, अर्धा किलोच्या विटेसारखा पाकिटबंद येणारा. दिसायला सामान्य, दरालाही हलका, म्हणून लोक त्याला दुय्यम समजतात. बारसाठी हाच उत्तम. पाणी कमी, साल पातळ, दाबल्यावर घट्ट बसतो. पाकिटावर एक गोष्ट मात्र वाचावी: घटकांत फक्त 'खजूर' असावा. ग्लुकोज सिरप किंवा तेल लिहिलेलं असेल तर ते पाकीट परत ठेवावं, कारण वरून सिरप लावलेला खजूर बारला सतत ओलसर ठेवतो. आणि 'बिनबियांचा' या शब्दावर विसंबू नये. विटेत अधूनमधून अख्खी बी किंवा तिचा तुकडा, देठाची टोपी सापडते. मिक्सरचं पातं आणि खाणाऱ्याचा दात, दोन्ही जातात. प्रत्येक खजूर बोटांनी उघडून पाहावा. आत काळी भुकटी किंवा जाळी दिसली तर तो फेकून द्यावा.

तिसरा मेडजूल. मोठा, मांसल, महाग. याचा बार वाईट होत नाही, पण वाटून टाकायच्या खजुराला इतके पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खारकेची पूड हा चौथा प्रकार म्हणता येईल, पण ती बांधत नाही, ओलावा शोषते. सैल झालेलं मिश्रण सावरायला दोन चमचे हाताशी असाव्यात, तेवढंच तिचं काम.

खजुराचा बार

हे माप १८ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी ट्रेचं आहे. दाबलेला खजूर २०० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे ८०, भाजलेले बदाम ५०, कोरडे भाजलेले ओट्स ४०, भोपळ्याच्या बिया ३०, तीळ २०, मीठ पाव चमचा, वेलची-सुंठ चवीपुरती. एकूण ४२० ग्रॅम. यातून ९ बाय ३ सेंटिमीटरचे, प्रत्येकी ३५ ग्रॅमचे १२ बार निघतात. प्रत्येक बारमध्ये साधारण १४५ किलोकॅलरी, १७ ग्रॅम कर्बोदकं, पावणेआठ ग्रॅम स्निग्धांश आणि पावणेपाच ग्रॅम प्रथिनं बसतात. प्रथिनांचा आकडा बघून घ्या. असल्या बारला 'प्रोटीन बार' म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक आहे.

वाटी-चमच्याच्या मापाने हा बार करू नये. वाटीभर दाबलेला खजूर आणि वाटीभर सुटा खजूर यांच्या वजनात बराच फरक पडतो, आणि सगळं गणित खजुराच्या वजनावर आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा ही या कामातली एकमेव खरी खरेदी. सिलिकॉनचे साचे दिसायला छान असतात, पण त्यांच्या लवचीक भिंतींमुळे मिश्रण दाबून बसवता येत नाही. स्टीलचा ट्रे किंवा सरळ कडांचा डबा घ्या.

शेंगदाणे आणि बदाम मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबून थांबून फिरवा. अर्धे तुकडे, अर्धा कूट, असं हवं. सगळाच कूट केला तर तेल सुटतं आणि बार पेंडीसारखा होतो. सगळेच तुकडे ठेवले तर कापताना सुरी अडते आणि बार तिथेच फुटतो. ही दाणे-बदामांची भरड भांड्यातून काढून ओट्स, बिया, तीळ, मीठ त्यात मिसळून ठेवा.

खजूर पाण्यात किंवा दुधात भिजवायचा नाही. घरच्या बारला बुरशी येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे भिजवणंच. कडक वाटत असेल तर चाळणीत ठेवून पाच मिनिटं वाफ द्या, किंवा जाड बुडाच्या कढईत एक चमचा तुपावर मंद आचेवर उलथन्याने दाबत तीन-चार मिनिटं परता. गरम खजूर आपोआप गोळा होतो. मिक्सरमध्ये घालायचाच असेल तर एका वेळी शंभर ग्रॅम, त्यात दोन चमचे दाण्याचा कूट, आणि सलग दहा सेकंदांहून जास्त फिरवायचा नाही. खजूर पात्याखाली घट्ट बसतो, मोटर अडते, तापते आणि मग जळका वास येतो. परातीत हाताने मळणं जास्त सोपं आहे.

खजूर कोमट असतानाच कोरडं मिश्रण त्यात घालून मळा. मुठीत दाबून सोडलं तर गोळा राहावा आणि हाताला तेलाचा पुसट थर लागावा, पण बोटांना गोळा चिकटून येऊ नये. चिकटत असेल तर खारीक पूड. फुटत असेल तर आणखी वीस ग्रॅम खजूर. पाणी नाही, मधही नाही. ट्रेमध्ये बटर पेपर असा घाला की दोन बाजूंनी बाहेर लोंबेल, म्हणजे नंतर सगळी लादी उचलता येते. तुपाचं बोट लावलेल्या सपाट बुडाच्या वाटीने दाबा, आणि खरंच जोर लावून दाबा. कोपरे आधी, मधला भाग नंतर. हलक्या हाताने थापलेला बार सॅकमध्ये दोन तासांत मोकळा होतो. फ्रिजमध्ये दोन तास, मग सरळ दाबून कापा. सुरी करवतीसारखी पुढेमागे फिरवू नका.

गूळ: इथे चूक महाग पडते

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याची चव, रंग, पोत यांबद्दल वाद घालायचं कारण नाही. पण पुरणपोळीला जो गूळ उत्तम तो बाराला उत्तम असेलच असं नाही. साधा दाणेदार गूळ वितळवून पाक केला तर तो थंड होताना पुन्हा दाणे धरतो. बार वरून कोरडा दिसतो, चावला की भुसभुशीत, साखरट लागतो आणि कडेने झडतो.

चिक्कीचा गूळ म्हणून वेगळा माल किराणा दुकानात, विशेषतः संक्रांतीच्या आधी महिनाभर, सहज मिळतो. तो चकचकीत असतो, हाताला चिकटतो, तुकडा तोडताना किंचित ताणला जातो. सुरीने घासला तर भुगा पडण्याऐवजी पापुद्रा निघतो. त्याचा पाक दाणे न धरता काचेसारखा बसतो, हाच त्याचा गुण. संक्रांत झाल्यावर काही दुकानांत उरलेला चिक्कीचा गूळ उघड्या पोत्यात पडून राहतो आणि ओलावा धरतो. तो पाणी सुटलेला, खारट लागणारा असेल तर घेऊ नये.

रंगाला भुलू नये. पिवळाधमक, लख्ख गूळ म्हणजे चांगला गूळ नव्हे. गुऱ्हाळात रस उकळताना रंग उजळायला हायड्रोस नावाचं रसायन वापरतात, हे गूळपट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या उलट 'सेंद्रिय' म्हणून विकला जाणारा काळपट गूळ खायला चांगला, पण तो बहुधा मऊ असतो आणि पाकाला फेस फार येतो. तो वापरायचाच असेल तर अर्धा सेंद्रिय आणि अर्धा चिक्कीचा घ्या. कुठलाही गूळ असो, अर्ध्या पेल्या कोमट पाण्यात लहान खडा विरघळवून दहा मिनिटं ठेवा. तळाला पांढरा गाळ बसला तर त्या दुकानातला गूळ पुन्हा आणू नका. उसाची चोयटी वर तरंगली तर काळजी नाही, पाक गाळून घ्यायचा.

गुळाची पावडर मोजायला सोयीची, साठवायला सोयीची, चहाला सोयीची. पाकाला मात्र ती दाण्यांची आई. पातेल्याच्या कडेला तिचे न विरघळलेले कण राहिले की त्याच कणांभोवती सगळा पाक दाणे धरतो.

आता थोडं 'आरोग्यदायी' या शब्दाबद्दल. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० किलोकॅलरी, शंभर ग्रॅम गुळात सुमारे ३८०. गुळात थोडी खनिजं जास्त, चव कितीतरी जास्त. पण मधुमेह असलेल्या माणसासाठी गुळाचा बार म्हणजे साखरेचाच बार. पाकिटावर किंवा डब्यावर 'साखरविरहित' लिहून हे बदलत नाही. खजुरालाही हेच लागू, त्याच्या साधारण दोन तृतीयांश वजनात साखरच असते, फक्त सोबत तंतू येतात.

राजगिऱ्याचा कुरकुरीत बार

चिक्कीचा गूळ १५० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ६०, भरड कुटलेले भाजके शेंगदाणे ७०, भाजलेले तीळ ३०, तूप एक चमचा, चिमूटभर मीठ. साधारण २६ ग्रॅमचे १२ तुकडे होतात.

राजगिऱ्याचा बार हलका लागतो, म्हणून त्यात गूळ कमी असेल असं वाटतं. हिशेब उलटा आहे. लाही फुगीर, तिचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तिला बांधायला वजनाच्या दुपटीहून जास्त गूळ लागतो. नुसत्या शेंगदाण्याच्या चिक्कीत दाणे आणि गूळ समसमान, किंवा दाणे थोडे जास्तच, एवढ्यावर भागतं. वरच्या मापात गूळ जवळजवळ निम्मा आहे आणि प्रत्येक तुकड्यात साडेबारा ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे साखरेएवढा. गूळ कमी करायचा असेल तर लाह्या कमी करून दाणे वाढवा. लाह्या तेवढ्याच ठेवून गूळ कमी केलात तर हाती चिवडा येईल.

लाह्या विकतच्या असतील तर आधी बारीक चाळणीतून चाळा. तळाला न फुटलेले कडक दाणे आणि बारीक वाळू पडते. हे केलं नाही तर प्रत्येक घासाला कचकच लागते आणि मग दोष गुळाला दिला जातो. चाळलेल्या लाह्या कोरड्या कढईत दोन मिनिटं गरम करून कुरकुरीत करा. दाणे, तीळही कोमटच असू द्या. थंड माल गरम पाकात पडला की पाक लगेच आखडतो आणि मिश्रण नीट होण्याआधीच दगड बनतं.

पाक लावायच्या आधी पोळपाटाला किंवा ओट्याला, लाटण्याला, सुरीला तूप लावून तयार ठेवा. नंतर वेळ मिळत नाही. जाड बुडाच्या कढईत गूळ आणि दोन चमचे पाणी, मंद आच. विरघळला की गाळून पुन्हा कढईत. आता मध्यम आच, सतत ढवळत. वाटीत थंड पाणी घेऊन दर अर्ध्या मिनिटाने थेंब टाका. आधी थेंब पसरतो. मग मऊ गोळी होते. हा गोळीबंद पाक, तापमान ११८ ते १२१ अंश. त्यानंतर गोळी कडक होते, पण चावली तर दाताला चिकटते. घाईत लोक इथे थांबतात, आणि 'चिक्की दाताला चिकटते' ही तक्रार इथूनच येते. पुढे जायचं. पाण्यातला थेंब काढून बोटांत मोडला तर टक् आवाज येऊन तुटायला हवा. हे साधारण १४५ ते १५० अंशांना होतं. त्यापुढे पाच-सात अंशांत गूळ कडवट होऊ लागतो, म्हणून १४० नंतर आच बारीक करा. मिठाईसाठीचा थर्मामीटर असेल तर बरं, पण त्याचं टोक कढईच्या बुडाला टेकू देऊ नका, आकडा चुकीचा येतो. पाण्यातला थेंब खोटं बोलत नाही.

लिंबाचे दोन-तीन थेंब घातले तर पाक दाणे धरत नाही आणि चमक येते. अर्धं लिंबू पिळलं तर मात्र पाक कायमचा ओलसर राहतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की पाक फसफसतो, बार हलका आणि सच्छिद्र होतो, रंग गडद होतो. शेंगदाण्याच्या बारात सोडा उपयोगाचा, राजगिऱ्यात गरज नाही.

आच बंद, तूप, मीठ, सगळा कोरडा माल, आणि पंधरा-वीस सेकंदांत मिसळून पोळपाटावर. वर बटर पेपर ठेवून साधारण एक सेंटिमीटर जाडीचं लाटा आणि मिनिटभरातच कापण्याच्या खुणा खोल पाडा. गार झाल्यावर कापायला गेलात तर तुकडे पडतील, बार नाही. फार लवकर आखडलं तर कढईसकट मंद आचेवर अर्धा मिनिट ठेवा. एकदाच, दुसऱ्यांदा गरम केलं की गूळ करपतो.

मऊ, वाकणारा बार हवा असेल तर याच मापात पाक १२० ते १२५ अंशांवर थांबवून मिश्रण ट्रेमध्ये दाबा. तो चघळावा लागतो आणि पावसाळ्यात चिकट होतो. आमच्या मते गुळाचा बार एकतर पुरता कडक करावा, नाहीतर करूच नये. मऊ बारला खजूर आहे.

मध, काकवी, शेंगदाण्याचं बटर

मध हवेतलं पाणी ओढतो. मधाने बांधलेला बार फ्रिजमधून बाहेर काढला की अर्ध्या तासात सैल पडतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर त्याचा हलवा होतो. मध वापरायचाच तर त्याला आधार द्यावा: ओट्स १५०, मध ८०, बिनसाखरेचं शेंगदाण्याचं बटर ६०, बिया ५०; १८ सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये दाबून १६० अंशांवर २० ते २२ मिनिटं भाजायचं, आणि पूर्ण थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. गरम असताना हा बार नेहमीच मऊ लागतो. त्या मऊपणाला घाबरून आणखी दहा मिनिटं भाजलं की तो वीट होतो. मध गरम करू नये असं मानणाऱ्या घरांत ही कृती आपोआप बाद. त्यांनी खजुराकडे वळावं. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचा कुठलाही पदार्थ देऊ नये, मग तो भाजलेला असला तरी.

काकवी म्हणजे गुळाआधीची पायरी, म्हणून तिच्यात पाणी बरंच. वरच्या कृतीत ८० ग्रॅम मधाऐवजी १०० ग्रॅम काकवी घेऊन ती पाच मिनिटं आटवून वापरली तर ओट्सच्या बाराला जी चव येते ती मधाला येत नाही. न भाजता काकवीचा बार करण्याचा प्रयत्न करू नये. बाटली घेताना कडेला फेस किंवा आंबूस वास असेल तर ती फसफसायला लागली आहे.

शेंगदाण्याच्या बटरच्या बरणीवर 'शेंगदाणे' आणि फार तर 'मीठ' एवढंच असावं. वर तेल साचलेलं दिसणं हा दोष नाही, खूणच आहे. ढवळून वापरा.

बिया, दाणे आणि बाकीचं

प्रत्येक वस्तू वेगळी भाजायची. शेंगदाणे मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, ओट्स आठ-दहा, भोपळ्याच्या बिया फुगून तडतडेपर्यंत तीन-चार, तीळ तेवढाच वेळ, जवस किंचित जास्त. एकत्र टाकले की तीळ करपतात आणि शेंगदाणे कच्चे राहतात. कच्च्या दाण्यातला ओलावा बाराला आतून मऊ करतो.

सुरकुतलेले, काळे डाग पडलेले, बुरशीचा वास असलेले शेंगदाणे निवडून फेकाच. भाजल्याने त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, जात नाही. अक्रोड आणि जवसाची पूड लवकर खवट होते, म्हणून जवस अख्खे भाजून बार करण्याच्या दिवशीच भरड करावेत. अक्रोड चाखल्याशिवाय पाकीट घेऊ नये. क्रॅनबेरी आणि सुकं अननस म्हणून जे मिळतं ते बहुधा साखरेत मुरवलेलं असतं. मनुका स्वस्त आणि बऱ्या. सुकं खोबरं चालतं, ओलं अजिबात नाही, बार दोन दिवसांत बिघडेल.

प्रथिनांची पावडर घालायची हौस असेल तर ४२० ग्रॅमच्या मिश्रणात २५ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि तेवढाच खजूर वाढवावा. पावडर हळूहळू ओलावा शोषत राहते, म्हणून आज मऊ असलेला बार पाचव्या दिवशी रबर होतो. विकतच्या प्रोटीन बारमध्ये ग्लिसरॉल घालतात ते याच कारणासाठी. वेष्टनावर त्याचा क्रमांक ४२२ दिसतो.

विकतचा बार आणि घरचा बार यांची तुलना करायची असेल तर वेष्टनाच्या पुढच्या बाजूचा मजकूर सोडून द्या, मागची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. पहिल्या तीनांत ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप किंवा साखर असेल तर त्यापेक्षा साधी शेंगदाण्याची चिक्की बरी. 'नो ॲडेड शुगर'च्या खाली माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ट्रेकला तो बार नेऊ नका. जास्त खाल्ला तर पोट बिघडतं, आणि कळसूबाईच्या शिड्यांवर ते परवडणारं नाही.

कधी खायचा, किती टिकतो

तासाहून अधिक चालणाऱ्या श्रमात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. खजुराचे दोन बार म्हणजे ३४ ग्रॅम, राजगिऱ्याचे दोन तुकडे म्हणजे साधारण ३२. ट्रेकला आणि संथ सायकलिंगला हे पुरतं. मॅरेथॉनच्या वेगाला मात्र दाणे-बदामांचा बार नको. स्निग्धांशाने पोट जड राहतं, शिवाय पळताना चावणं होत नाही. तिथे नुसता खजूर, बी काढून, चिमूट मीठ लावून. दोन्ही बारांबरोबर पाणी हवंच. कोरड्या घशाने राजगिरा खाल्ला की ठसका ठरलेला.

खजुराचा बार घट्ट डब्यात, सावलीत, एक आठवडा. फ्रिजमध्ये तीन आठवडे. एप्रिल-मेमध्ये बाहेर पाच दिवसच धरा. गुळाचा कुरकुरीत बार कोरड्या हवेत हवाबंद डब्यात तीन-चार आठवडे राहतो. पावसाळ्यात डबा जितक्या वेळा उघडाल तितके दिवस कमी. एकेक बार बटर पेपरमध्ये गुंडाळून, टोकं पिळून ठेवला की उरलेल्यांना हवा लागत नाही. गरम बार मात्र गुंडाळू नये, आत वाफ धरून ओल येते. हिमालयातल्या ट्रेकला नेणार असाल तर खजुराचा बार आधीच तीन तुकड्यांत कापा आणि त्या दिवसाचा वाटा जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत तो इतका घट्ट होतो की अख्खा चावता येत नाही.